दुसरी पिचर

२००७ च्या विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलच्या अंतिम स्पर्धेत, अ‍ॅरिझोनाची पिचर (चेंडू टाकणारी) टॅरिन मोवॅट हिनं आठ सामन्यांत १,०३५ पिच, म्हणजे चेंडू, टाकले. साठ इनिंग्ज, सगळ्या तिच्या एकटीच्या. फायनलला समोर होती टेनेसीची मोनिका अ‍ॅबट. सहा फूट तीन इंच उंची, डावा हात, आणि कॉलेजच्या चार वर्षांत २,४४० स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारताच न आल्यानं बाद झालेल्या इतक्या बॅटर. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. मोवॅट तिच्यापेक्षा नऊ इंचांनी बुटकी. तीन सामन्यांच्या फायनलमधला पहिला सामना अ‍ॅरिझोना ३-० अशी हरली. दुसरा नेहमीच्या सातऐवजी दहा इनिंग्जपर्यंत ताणला आणि अ‍ॅरिझोनानं तो १-० असा काढला. तिसरा ५-०. त्या वर्षी एस्पी या अमेरिकी क्रीडा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान मोवॅटला मिळाला, आणि तो तिला मिळायलाच हवा होता.

आम्ही ओक्लाहोमा सिटीजवळ राहतो. ही स्पर्धा १९९० पासून, १९९६ चा अपवाद आणि कोविडमुळे रद्द झालेलं २०२० सोडलं तर, दर वर्षी याच शहरात भरते. जून तोंडावर आला की इथं ऑफिसात, किराणा दुकानाच्या रांगेत, सगळीकडे सॉफ्टबॉल सुरू होतं, आणि मोवॅटची गोष्ट कुणी ना कुणी काढतंच. मी स्वतः विद्यापीठाच्या संघातून पिचिंग केलंय, त्यामुळे १,०३५ या आकड्यानं माझ्या अंगावर इतरांपेक्षा जरा जास्तच काटा येतो. तरीही कॉलेज सॉफ्टबॉलमधला सगळ्यात मोठा निर्णय कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी मोवॅटचं नाव घेणार नाही. मी मिशेल गॅस्कॉइनचं नाव घेईन. बहुतेकांना ते आठवतही नाही.

ज्यांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळलंय त्यांना हे ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पिचरच्या रबरपासून (ती जिथून चेंडू टाकते ती पट्टी) होमप्लेट (बॅटर जिथं उभी असते ती जागा) ४३ फुटांवर. पिचर हात पूर्ण गोल फिरवते, चेंडू कमरेजवळून सुटतो, आणि पिच टाकताना ती पुढे झेपावते त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर आणखी कमी होतं. ताशी ७० मैलांचा चेंडू ०.४ सेकंदांच्या आत बॅटरपाशी पोचतो. रायझ बॉलला उलटी फिरकी असते. डोळ्यांना वाटतं त्यापेक्षा तो कमी खाली येतो, म्हणून बॅट त्याच्या खालून जाते. ड्रॉप बॉल याच्या नेमका उलट. आणि या दोन्हींच्या मध्ये एक चेंजअप. तोच हात, तोच वेग दिसतो, पण चेंडू येतच नाही.

पहिल्या खेपेला बॅटरला यातलं काहीच कळत नाही. दुसऱ्या खेपेला सुटण्याची जागा कळते. तिसऱ्यांदा ती त्याच पिचरसमोर उभी राहते तेव्हा फिरकी वाचायला लागलेली असते. सामना सातच इनिंग्जचा असला तरी चांगल्या संघाच्या वरच्या बॅटर्सची तिसरी पाळी येतेच, आणि नेमकी पाचव्या-सहाव्या इनिंगमध्ये, पिचरचे पाय जड झाल्यावर येते. मोठ्या सामन्यांतले निम्मे होमरन (कुंपणापलीकडे मारलेले फटके) तिथंच बसतात असं मला वाटतं. मोजलेलं नाही, पण इतके सामने पाहून हे मत झालंय.

ही हाताची गोष्ट मला अगदी जवळून दिसते. माझी मुलगी पिचर आहे, एका ट्रॅव्हल टीममधून, म्हणजे गावोगावी स्पर्धांना जाणाऱ्या क्लब संघातून, खेळते. इथले पिचर्सचे आईवडील एक प्लास्टिकची बादली बाळगतात, वर गादीचं झाकण. तिच्यात चेंडू भरून मैदानावर न्यायचे, मग ती रिकामी करून तिच्यावरच बसायचं आणि लेकीचे पिच झेलायचे. संध्याकाळी मागच्या अंगणात मीही तशीच बसते. बादलीवर बसल्यावर चेंडू डोळ्यांच्या पातळीला येतो आणि टीव्हीवर कधीच न दिसणारी गोष्ट दिसते, ती म्हणजे मनगट. ताजी असताना तिचं मनगट कमरेपाशी एकदम तुटल्यासारखं झटकतं, आणि ग्लोव्हमध्ये चेंडूचा आवाज कोरडा, टणक येतो. दोन दिवसांच्या स्पर्धेनंतर सोमवारी तेच मनगट अर्धा क्षण उशिरा येतं. वेग जवळजवळ तितकाच, पण आवाज बसका. रायझ बॉल वर राहायच्या ऐवजी पट्ट्यासारखा सरळ, बॅटच्या उंचीवर येतो. हात दुखतोय का विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नाही गं आई, मला चालेल."

तिच्या संघाच्या प्रशिक्षकांपासून ते स्टँडमधल्या आजोबांपर्यंत सगळे एकच वाक्य म्हणतात, अंडरहँड टाकणं शरीराला नैसर्गिक आहे, सॉफ्टबॉलमध्ये हात दमत नाही. हे खरं नाही. विंडमिल, म्हणजे हात असा गोल फिरवून टाकलेल्या, पिचमध्ये खांद्याला जी ओढ बसते ती बेसबॉलच्या ओव्हरहँड पिचरच्या तोडीची असते, हे संशोधकांनी मोजून दाखवलंय, आणि बायसेप्सवर तर ओव्हरहँडपेक्षा जास्तच ताण येतो. तरी कॉलेज बेसबॉलमधला पहिल्या फळीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदा सामना सुरू करतो. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचेसवर कसलीही मर्यादा नाही. मुलगी सलग चार दिवस टाकू शकते. आणि टाकतेच.

याला कारणंही होती. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची पहिली स्पर्धा १९८२ ची, ओमाहातली. ती यूसीएलएनं जिंकली, आणि आजवर या स्पर्धेत सर्वाधिक १२ जेतेपदं त्यांचीच आहेत. तेव्हापासून या खेळाची बांधणीच एका हाताभोवती झाली. लिसा फर्नांडिस यूसीएलएकडून चार वर्षांत ९३ सामने जिंकली आणि फक्त ७ हरली. १९९३ मध्ये तिचा अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज (पिचरनं सात इनिंग्जमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) ०.२५ होता आणि बॅटिंगची सरासरी .५१०, दोन्हीत देशात पहिली. अशी मुलगी घरात असताना कुठला कोच दुसरीच्या हातात चेंडू देईल? जेनी फिंच अ‍ॅरिझोनात सलग ६० सामने जिंकली. २००१ च्या मोसमात ३२ पैकी ३२. स्कॉलरशिप पूर्ण संघाला मिळून बाराच, त्यातल्या तीन-चार पिचर्सवर खर्च करायला कुणी धजावायचं नाही. एक उत्तम पिचर आणायची आणि तिच्यावर सगळा डाव लावायचा, हा सरळ हिशेब होता.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. स्ट्राइकआउटच्या बाबतीत कॉलेज सॉफ्टबॉलमधली दोन सर्वांत मोठी नावं म्हणजे अ‍ॅबट आणि टेक्ससची कॅट ऑस्टरमन. ऑस्टरमनचे २,२६५ स्ट्राइकआउट. या दोघींपैकी एकीलाही कॉलेजचं जेतेपद मिळालं नाही. दोघींनी ऑलिंपिक पदकं आणली, पण ओक्लाहोमा सिटीतून दोघी दर खेपेला रिकाम्या हातांनी गेल्या. मला हे कधीच नुसतं नशीब वाटलेलं नाही.

आता पॅटी गॅसोकडे येते, कारण माझ्या लेखी ही कोंडी तिनं फोडली.

गॅसो मूळची कॅलिफोर्नियाची. लाँग बीचच्या सिटी कॉलेजातून १९९५ मध्ये ती ओक्लाहोमा विद्यापीठात आली, तेव्हा संघाला स्वतःचं मैदान नव्हतं. नॉर्मन गावातल्या रीव्ह्ज पार्क या सार्वजनिक बागेत खेळायचं, आणि आदल्या रात्री पुरुषांच्या लीगनं मागे टाकलेले बिअरचे डबे मुलींनी आणि कोचनं मिळून उचलायचे. २००० मध्ये तिनं यूसीएलएला ३-१ असं हरवून पहिलं जेतेपद मिळवलं. तेव्हाही एकच हात होता, जेनिफर स्ट्युअर्टचा. म्हणजे गॅसोही त्याच परंपरेतली.

२०१२ मध्ये तिच्याकडे किलानी रिकेट्स होती, त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम खेळाडू. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात ओक्लाहोमा ३-० नं पुढे होती. मग पाऊस सुरू झाला, ओला चेंडू हातातून निसटायला लागला, आणि अलाबामानं सामना ५-४ असा उलटवला. पॅट्रिक मर्फीच्या त्या संघानं साउथईस्टर्न कॉन्फरन्सला, म्हणजे आग्नेयेकडच्या विद्यापीठांच्या गटाला, या खेळातलं पहिलं जेतेपद मिळवून दिलं.

पुढच्या वर्षी ओक्लाहोमा पुन्हा फायनलमध्ये, समोर टेनेसी. पहिला सामना बारा इनिंग्ज. बाराही इनिंग्ज रिकेट्सनंच टाकल्या, आणि लॉरेन चेंबरलेनच्या होमरननं ओक्लाहोमा ५-३ अशी जिंकली. दुसऱ्या दिवशी एक विजय मिळाला की जेतेपद. देशातली सर्वोत्तम पिचर हाताशी, आदल्याच वर्षीची जखम ओली. कुणीही रिकेट्सलाच चेंडू दिला असता.

गॅसोनं चेंडू मिशेल गॅस्कॉइनला दिला.

गॅस्कॉइन शेवटच्या वर्षातली, अख्खी कारकीर्द रिकेट्सच्या सावलीत गेलेली. सात इनिंग्ज, तीन हिट, शून्य रन. आणि रिकेट्स? ती त्या दिवशी फक्त बॅटिंगला होती. सामना ४-० असा संपला, चारही रन तिच्या बॅटमधून आले, त्यात तीन रनचा एक होमरन. पिचिंगचं ओझं खांद्यावरून उतरलं आणि तीच मुलगी बॅट घेऊन मोकळी झाली. हा सामना मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. टेनेसीच्या बॅटर्सनी आदल्या रात्री बारा इनिंग्ज एकच हात वाचला होता, आणि आज समोर वेगळाच वेग, वेगळीच सुटण्याची जागा. पहिल्या दोन इनिंग्जमध्ये त्यांचे पाय कसे अडखळतात ते नीट बघा. कोचनं सामना तिथंच जिंकलेला आहे.

तिथून पुढे गॅसोनं पिचर्सचा ताफा उभा करण्याची पद्धतच पाडली. २०२१ ते २०२४ सलग चार जेतेपदं, याआधी कुणालाही न जमलेली. २०२३ मध्ये ६१ विजय आणि फक्त एक पराभव. त्या संघातली जॉर्डी बाल सर्वोत्तम ठरली. वर्ल्ड सिरीजमध्ये तिनं २४ हून अधिक इनिंग्जमध्ये एकही रन दिला नाही. पण तिच्यासोबत निकोल मे होती, मिशिगनहून आलेली अ‍ॅलेक्स स्टोराको होती. जेतेपदाच्या शेवटच्या सामन्याची सुरुवात स्टोराकोनं केली आणि शेवट बालनं. बाल ताजी होती म्हणूनच तो शेवट तसा झाला, असं माझं ठाम मत आहे. त्या वर्षांतल्या होमरनबद्दल, हवाईहून आलेल्या जोसलिन आलोच्या १२२ होमरनच्या विक्रमाबद्दल लोक भरभरून बोलतात. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे. मला त्या चार वर्षांत बुलपेन, म्हणजे पिचर्सचा राखीव ताफा, बघायला जास्त आवडलं.

याच्याच शेजारी २०२१ ची ओडिसी अलेक्झांडर ठेवायला हवी, नाहीतर मी एकांगी लिहिल्यासारखं होईल. जेम्स मॅडिसन हे व्हर्जिनियातलं विद्यापीठ, मानांकन नाही, वर्ल्ड सिरीजला पहिल्यांदाच आलेलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी अव्वल मानांकित ओक्लाहोमाला आठ इनिंग्जमध्ये ४-३ असं हरवलं. मग ओक्लाहोमा स्टेटला २-१ असं. त्या सामन्यात बरोबरीचा रन होमकडे धावत होता, अलेक्झांडरनं बंट (बॅटनं हलकेच टेकवलेला चेंडू) उचलला आणि स्वतः अंग झोकून धावणाऱ्या मुलीला टॅग केलं, म्हणजे चेंडू लावून बाद केलं. तिथं बसलेले बहुतेक प्रेक्षक ओक्लाहोमातले, पण त्या मुलीसाठी गावानं जीव टाकला. शेवटी ओक्लाहोमानं सलग दोनदा हरवून त्यांना बाहेर काढलं. ओक्लाहोमाकडे जिजेल हुआरेझसोबत आणखी दोघी होत्या, जेम्स मॅडिसनकडे मुख्यतः ती. ती सर्कलमधून, म्हणजे पिचरच्या वर्तुळातून, बाहेर चालत आली तेव्हा किरमिजी कपड्यांतलं अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, डोळे भरून आले. आणि त्याच वेळी मला राग येत होता. तिच्या कोचवर नाही, वेळापत्रकावर.

कारण त्या वर्षी पावसानं सामने इतके लांबले की काही मध्यरात्र उलटून गेल्यावर संपले, आणि मुली विश्रांतीशिवाय पुन्हा मैदानात. कोचेसनी उघडपणे तक्रार केली. त्याच वर्षी एनसीएएच्या पुरुष आणि महिला स्पर्धांमधल्या तफावतीवर एक स्वतंत्र अहवाल आला. २०२२ पासून वर्ल्ड सिरीजचे दिवस वाढवले, मध्ये विश्रांतीचा दिवस आला. असल्या गोष्टी आपोआप होत नाहीत. मिशिगनच्या कॅरल हचिन्सचं उदाहरण घ्या. १९७९ मध्ये मिशिगन स्टेटची बास्केटबॉल खेळाडू असताना तिनं मुलींना मुलांसारखी वागणूक मिळावी म्हणून आपल्याच विद्यापीठावर दावा ठोकला होता. पुढे ती मिशिगनची कोच झाली, एकूण कारकिर्दीत १,७०७ सामने जिंकली, आणि २००५ मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या विद्यापीठाला पहिलं जेतेपद तिनंच मिळवून दिलं. आज मुलींना मिळणाऱ्या विश्रांतीच्या एका दिवसामागे अशा बायकांची चाळीस-पन्नास वर्षांची भांडणं आहेत.

माझं म्हणणं सगळ्यांना पटत नाही, हे मला माहीत आहे. एक मैत्रीण मला नेहमी रेचल गार्सियाचं नाव सांगते. २०१९, यूसीएलए विरुद्ध वॉशिंग्टन. गार्सियानं दहा इनिंग्ज टाकल्या, १७९ पिच, १६ स्ट्राइकआउट, आणि दहाव्या इनिंगमध्ये स्वतःच तीन रनचा होमरन मारून सामना संपवला. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तो सामना पाहताना मी ओरडत होते. अशी रात्र पुन्हा व्हावी असं मलाही वाटतं. फक्त ती रात्र ही कोचची योजना असू नये.

२०२५ नं तर दोन्ही बाजू एकाच फायनलमध्ये दाखवल्या. निजारी कॅनडी, कॅन्ससमधल्या टोपीकाची, स्टॅनफर्डमधून टेक्सस टेकला गेली. त्यासाठी तिच्याशी झालेला करार १०,५०,०२४ डॉलरचा, शेवटचे २४ तिच्या जर्सीच्या नंबरचे. या खेळात कुणी एवढी रक्कम ऐकली नव्हती, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. तिनं टेक्सस टेकला पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला आणलं, आणि ओक्लाहोमाची चार वर्षांची सद्दी ३-२ अशी संपवली. फायनल टेक्ससशी. पहिल्या सामन्यात टेक १-० नं पुढे, टेक्ससच्या दोघी बेसवर, आणि रीस अ‍ॅटवूडला मुद्दाम वॉक द्यायचं, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून तिला फुकट बेस द्यायचा, असं ठरलेलं. तीन चेंडू बाहेर गेले. चौथा पुरेसा बाहेर गेला नाही. अ‍ॅटवूडनं बॅट फिरवली, दोन रन, सामना २-१. दुसरा कॅनडीनंच ४-३ असा खेचून आणला.

तिसऱ्या सामन्यापर्यंत त्या वर्ल्ड सिरीजमधला टेकचा प्रत्येक पिच कॅनडीचा होता. तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगला टेक्ससनं पाच रन काढले, आणि तिला बाहेर घ्यावं लागलं. मनगटाकडे बघा, मी मुलीला सांगत होते. पुढे गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळणाऱ्या मिया स्कॉटनं ग्रँड स्लॅम (चार रनचा होमरन) मारला, सामना १०-४, आणि माइक व्हाइटच्या टेक्ससला पहिलं जेतेपद. कॅनडी कमी पडली असं कुणी म्हटलं की मी भांडते. ती कमी पडली नाही. तिच्या मागे कुणी उभंच केलेलं नव्हतं.

२०२५-२६ पासून एनसीएएच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी स्कॉलरशिपची बाराची मर्यादा गेली, आता संघात २५ खेळाडूंची मर्यादा आहे आणि सगळ्यांना स्कॉलरशिप देता येते. म्हणजे चार पिचर्स न ठेवायला पैशाचं कारण उरलेलं नाही. ज्या कोचला एकीवरच भिस्त ठेवायची आहे, तो आता ते स्वतःच्या इच्छेनं करेल.

आमच्या ट्रॅव्हल टीममध्ये पिचिंग शिकणाऱ्या आणखी दोघी आहेत. एकीचा चेंजअप माझ्या मुलीपेक्षा सरस आहे, पण तिला सामन्यात इनिंग्ज मिळत नाहीत. मी प्रशिक्षकांशी बोलले, २०१३ चा दुसरा सामनाही त्यांना पाठवला. शनिवारच्या गटसाखळीत तिघींना वाटून इनिंग्ज द्यायला ते तयार झालेत. रविवारच्या बाद फेरीत मात्र त्यांना माझीच मुलगी हवी आहे, आणि तिलाही तेच हवंय. आमच्या घरात त्यावरून रोज वाद चालू आहे. रविवारचं अजून ठरायचंय.